बसलेल्या देहाचे माप

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहते. सहा वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला दुखापत झाल्यापासून व्हीलचेअर वापरते. कमरेखाली स्पर्श कळत नाही. मे महिन्यात धाकट्या भावाचे लग्न आहे आणि त्यात आजीची इरकल नेसावी, अशी फार इच्छा आहे. मात्र मागच्या एका कार्यात पदर चाकात गुंतला, निऱ्या फूटरेस्टवर गोळा झाल्या आणि घरी आल्यावर परकराच्या नाडीच्या गाठीचा लाल वळ दिसला. घरची मंडळी पंजाबी ड्रेसच घाल म्हणतात. साडीचा नाद सोडावा का?

उत्तर : मुळीच सोडू नये. दोष साडीचा नसून, ती उभ्या बाईच्या मापाने नेसवली गेली हा आहे. इरकलीचे अंग सुती असेल, तर ती तुमच्यासाठी उत्तमच, कारण सुती कापड बैठकीवरून सहसा घसरत नाही. गुळगुळीत रेशमावर शरीर नकळत पुढे सरकत राहते. शिवाय मणक्याच्या दुखापतीनंतर दुखापतीच्या खालच्या भागाला पुरेसा घाम येत नाही, म्हणून शरीर लवकर तापते, आणि सोलापुरातला मे तर तुम्ही जाणताच, त्यामुळे सुती अंगाला पर्याय नाही.

आजीची साडी कापू नये. आदल्या दिवशी खुर्चीत बसून निऱ्यांची उंची घोट्यापर्यंत ठरवावी, त्या नेहमीपेक्षा कमी घ्याव्यात आणि वरच्या बाजूला हाताने धावदोरा घालून पक्क्या कराव्यात. लग्नानंतर दोरा ओढला की साडी पूर्ववत होते. गुडघ्याच्या उंचीवर आतून टिचबटण लावल्यास निऱ्या पुढच्या लहान चाकांकडे पसरत नाहीत. तेथे सेफ्टीपिन मात्र नको, कारण ती टोचली तरी तुम्हाला कळणार नाही. नेसणे पलंगावर आडवे होऊन, कुशीवर वळत करावे, म्हणजे मांडीखालच्या चुण्या हाताने सपाट करता येतात. परकराला नाडीऐवजी रुंद, सैलसर इलॅस्टिक असावे.

पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन कमरेशी खोचावा. तो चाकापासून दूर राहतोच, पण टोपेतेणीचा (इरकलीच्या खास विणीचा) तो देखणा पदर एरवी पाठीमागे खुर्चीत दबून जातो, तो फोटोत समोर येतो. बसलेल्या व्यक्तीकडे पाहणाऱ्याची नजर चेहरा, गळा आणि खांदे यांवर ठरते. तेव्हा शिलाईचा खर्च ब्लाउजच्या गळ्यावर करावा, काठाला लेस लावण्यावर नको. बाही कोपरापर्यंतच बरी. ब्लाउजचे माप देताना दोन्ही हात चाकाच्या कड्यावर ठेवावेत, म्हणजे मुंढ्याला आणि पाठीला किती सैल हवे ते शिंप्याला दिसेल.

शिवलेल्या नऊवारीचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ती चाकात अडकत नाही हे खरे, पण काष्ट्याची घडी नेमकी माकडहाडाखाली येते, आणि तेथे दाबाने जखम होण्याची भीती मोठी असते. मी तरी ती सुचवणार नाही. लग्नाआधी एकदा संपूर्ण पोशाख घालून तासभर बसून पाहावे आणि नंतर आरशाने किंवा वहिनीच्या मदतीने त्वचा तपासावी. अर्ध्या तासाने लाली गेली नाही, तर त्या जागची शिवण किंवा घडी हलवावी.

प्रश्न : माझा मुलगा लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. मुलाखतीसाठी शिवलेला कोट पोटावर फुगतो आणि पँट मागून खाली उतरते. काय करावे?

उत्तर : सोलापूरच्या चाटी गल्लीतून कापड घेण्यापूर्वी शिंपी निवडावा. या गावात गणवेश हजारोंनी शिवले जातात, कसबी हातांना तोटा नाही. फक्त माप उभ्याचे घेण्याची सवय मोडावी लागते. मुलाला बसवूनच माप द्यावे. पँट मागे सुमारे दोन इंच उंच, पुढे तेवढीच खाली आणि लांबीला दोन इंच जास्त ठेवावी, कारण गुडघा वाकला की पँटचा पाय वर चढतो; मागचे खिसे टाळावेत. कोट मांडीला टेकेल तेथेच संपवावा. बिनबाह्यांचे नेहरू जाकीट चालणार असेल तर ते आखूड शिवून घेणे अधिक सोपे आणि खर्चही कमी. शिवाय चाक फिरवताना कोटाच्या बाह्या मळतात, तो प्रश्नही उरत नाही. बूट संध्याकाळी घालून पाहूनच घ्यावेत, कारण दिवसभर बसून पाय सुजतात.