पवित्रपण फक्त रविवारपुरतं नसतं

प्रिय मुला,

तुझा मेसेज दोनदा वाचला. युथ कॅम्पहून आल्यावर काही दिवस प्रभू अगदी जवळ वाटत होता, मग हळूहळू सगळं ओसरलं, आता प्रार्थनेला बसलं की हात मोबाईलकडेच जातो, आणि म्हणून तुला वाटायला लागलंय की पवित्र जीवन वगैरे पाळकांचं, मिशनऱ्यांचं काम, आपलं नाही. वाईट वाटलं रे वाचून. तू पवित्रपण सगळं भावनेवर मोजतोयस आणि वचन ते तिथे मोजतच नाही.

बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय पुस्तक, 19वा अध्याय काढ. हो, लेवीयच, जे आपण सगळे पटापट उलटून पुढे जातो. सुरुवातीलाच देव म्हणतो, तुम्ही पवित्र असा कारण मी पवित्र आहे. पुढे थोडं यज्ञाचं आहे, पण बाकी काय काय आहे बघ, शेताच्या कडेचं पीक कापू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या, मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका, वजनमापं खरी ठेवा, म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभे राहा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर हे येशूने सांगितलेलं वचनही मुळात इथलंच, 18वं.

मी मात्र तुला 14व्या वचनापाशी थांबवणार आहे. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, तर आपल्या देवाचं भय बाळग. आता बहिऱ्याला शिवी दिली तर त्याला कुठे ऐकू येणार आहे, तो भांडायला येणार नाही, तक्रार करणार नाही, कुणाला पत्ताही लागणार नाही, आणि नेमकं तिथेच देव म्हणतो मी ऐकतोय. आपल्या रोजच्या जगण्यात हा बहिरा म्हणजे जो ग्रुपमध्ये नाहीये तो. कुणाचा तरी स्क्रीनशॉट येतो, त्याच्यावर चार स्मायली पडतात, तुझं बोट सेंडवर असतं आणि ज्याच्याबद्दल चाललंय त्याला काहीच कळणार नसतं. टाईप केलेलं तू पुसून टाकलंस ना, तर तो पवित्रपणाचा क्षण आहे, कुणी आमेन म्हणणार नाही तरी आहे. आणि आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, तर ह्याला अजून साळसूद रूप असतं, "त्याच्यासाठी प्रार्थना करा हं, काय झालं माहितीये का" असं म्हणून माणसाची सगळी लक्तरं बाहेर काढायची. मला ह्याचा फार राग येतो, प्रार्थनेचं नाव घेऊन करतात म्हणून जास्तच.

पवित्रपण रोजच्या साध्या गोष्टींत असतं, हेच जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातही आहे. महायाजकाच्या मंदिलावर, म्हणजे पागोट्यावर, सोन्याची पट्टी असायची, तिच्यावर 'परमेश्वरासाठी पवित्र' असं कोरलेलं, आणि जखऱ्या सांगतो की असा दिवस येईल जेव्हा हीच अक्षरं घोड्यांच्या घंटांवर असतील आणि यरुशलेमेतलं प्रत्येक मडकंसुद्धा पवित्र असेल. मग तुझा लॅपटॉप, तुझी एक्सेल शीट, भांडी घासायची तुझी पाळी, हे बाहेर राहील असं तुला का वाटतं?

प्रार्थना सोड असं म्हणत नाहीये मी, उलट मन लागो न लागो, बस. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बस. कारण हे सगळं स्वतःच्या जोरावर करायला गेलास तर चार दिवसांत एकतर दमशील नाहीतर येशूच्या दाखल्यातल्या त्या परुशासारखा, म्हणजे स्वतःला फार धार्मिक समजणाऱ्या माणसासारखा, बरं झालं मी ह्यांच्यासारखा नाही म्हणायला लागशील, आणि ते दुसरं जास्त धोक्याचं. करिंथची मंडळी आठव, भांडणं, गटबाजी, एकमेकांवर कोर्टकचेऱ्या, आणि तरी प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले म्हणतो, आणि मग सोळा अध्याय त्यांचे कान धरतो. आधी प्रभूने आपलं म्हटलंय, सुधारणा त्याच्या मागून येते, पवित्र आत्मा ती करत राहतो, आणि वेळ लागतो रे.

तू त्या रूममेटबद्दल लिहिलंयस, त्याचे पैसे द्यायचेत आणि तो भिडेखातर मागत नाहीये. ते आजच ट्रान्सफर कर, उद्यावर नको, आणि उशीर झाला, सॉरी, असं तोंडाने पण सांग. मग रविवारी उपासनेनंतर भेटू, 14व्या वचनावर अजून बोलायचंय मला तुझ्याशी.

तुझा,
काका