दहावीचा अभ्यास: एका दिवशी एकच विषय करावा, की आलटून पालटून?

तू विचारलंयस, एका दिवशी एकच विषय धरावा की रोज तीन-चार विषय मिसळून करावेत, आणि मिसळलं की नुसता गोंधळ उडतो त्याचं काय. मी गणिताच्या शिकवण्या घेते, तेव्हा गणितातलंच सांगते.

इतिहासानंतर बीजगणित घेतलं की कंटाळा जातो, आणि तोच विषय लवकर पुन्हा हाती येत असल्यामुळे उजळणीही होते. पण जास्त फायदा एकमेकांसारख्या दिसणाऱ्या गोष्टी मिसळण्यात आहे. हे बघ: ‘दोन संख्यांची बेरीज 15, गुणाकार 56’ आणि ‘दोन संख्यांची बेरीज 15, फरक 1’. उत्तर दोन्हीकडे 7 आणि 8च. पण पहिल्यात वर्गसमीकरण तयार होतं, दुसरं एकसामयिक समीकरणांनी झटकन सुटतं. वर्गसमीकरणांचाच सरावसंच समोर असेल तर रीत धड्याच्या नावातच सांगून टाकलेली असते, उरते ती आकडेमोड. बोर्डाच्या पेपरात उदाहरणाच्या डोक्यावर धड्याचं नाव नसतं.

आता गोंधळाबद्दल. अमेरिकेत डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला दिलं होतं. सरावाच्या वेळी एकेक प्रकार संपवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची 60. आठवड्याने परीक्षा घेतली, तेव्हा पहिले 20 टक्क्यांवर आले आणि मिसळणारे 63 वर. म्हणजे सरावात अडखळायला होतंय म्हणून ही पद्धत सोडू नकोस, अगदी मनापासून सांगते.

फक्त नवा धडा शिकतानाच मिसळायला जाऊ नकोस. रीत हाताला बसेपर्यंत सरावसंच ओळीने सोडव. मग तीन-चार धड्यांतली उदाहरणं धड्याचं नाव न घालता वहीत उतरवून काढ आणि प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी समासात लिही, कोणती रीत आणि का. हे ‘का’ लिहिण्याचा मुलं फार आळस करतात.

मराठी व्याकरणालाही हे लागू पडतं. ‘मुख कमळासारखं’, ‘मुख जणू कमळच’, ‘मुखकमल’ अशा ओळी शेजारी शेजारी ठेवल्यास की उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत घोटाळा होणार नाही. निबंध मात्र एका बैठकीत पूर्ण कर, मध्ये दुसरं काही घेऊ नकोस.