धारेवर पाय लॉक झाले तर काय करायचं?

प्रश्न : सर नमस्कार. मी सिडकोत राहतो, वय २४, दोन वर्षं झाली ट्रेक करतोय. गेल्या महिन्यात आम्ही पाच जण ब्रह्मगिरीवरून भांडारदुर्गाकडे गेलो. कोरलेल्या पायऱ्या उतरलो, बुटक्या दरवाज्यातून रांगत बाहेर पडलो आणि समोर ती कातळाची अरुंद पट्टी, दोन्ही बाजूला दरी. अर्ध्यात माझे पाय लॉकच झाले, खाली बसलो ते बसलोच. मित्र पुढे जाऊन आले आणि मला हाताला धरून मागे आणलं. तेव्हापासून ग्रुपवर रोज चेष्टा चालू आहे. आता डिसेंबरमध्ये धोडप किल्ला ठरतोय, तिथल्या कातळाच्या भिंतीवर जायचंय. ही भीती घालवायची कशी?

उत्तर : अरे मित्रा, पहिलं म्हणजे तू बसलास हे बेस्ट केलंस. धारेवर घाबरलेला माणूस उभाच राहिला किंवा घाईघाईत पळत सुटला तर खरा धोका, बसलेला माणूस सहसा पडत नाही. चेष्टा करणाऱ्यांना हे दाखव वाटल्यास.

आता पाय लॉक का होतात ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मं काम होतं. आपण सरळ उभे राहतो ते फक्त पायांच्या जोरावर नाही, डोळे सारखे जवळच्या वस्तू बघून मेंदूला सांगत असतात की तू इकडे झुकतोयस, तिकडे झुकतोयस. भिंत, झाड, बाजूचा माणूस असं काहीतरी. धारेवर डावीकडे उजवीकडे जवळ काहीच नसतं, दिसते ती एकदम लांबची शेतं, मग डोळ्यांना आधार मिळत नाही आणि अंग खरोखरच जास्त डुलायला लागतं. म्हणजे तुला जे डुलल्यासारखं वाटलं तो निव्वळ मनाचा खेळ नव्हता. उपाय साधा आहे, नजर दोन-तीन पावलं पुढच्या दगडावर ठेवायची, दरी बघायची असेल तर थांबून, शक्यतो बसून बघायची. चालता चालता बघायची नाही, आणि चालता चालता व्हिडिओ तर अजिबात नाही.

दुसरं, भांडारदुर्गाची ती पट्टी अखंड कातळ आहे. कोरडी असेल तर तिथे पाय सटकायचं फारसं कारण नाही. म्हणून सरावाला ती जागा चांगली आहे. आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा, गर्दी नसताना, सोबत एकच माणूस ने आणि तो शांत असला पाहिजे. पिशवी हातात धरू नकोस, तिथली माकडं हिसकावतात आणि धारेवर माकडाशी झटापट नको. दरवाज्यातून बाहेर आलास की लगेच निघू नकोस, तिथेच पाठ टेकून दहा मिनिटं बस, पाणी पी, वारा कुठून येतोय ते बघ. मग दहा पावलं जा आणि परत ये. परत वीस जा आणि परत ये. पलीकडे पोचलास की नाही याला महत्त्व नाही, मला विचारशील तर धारेवर शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे मागे फिरणं. पुढे जाणं सगळ्यांना जमतं, पण अरुंद जागी दोन पाय जुळवून, न गडबडता वळून त्याच वाटेने परत यायचं हे फार थोड्यांनी कधी करून बघितलेलं असतं. जिथून परत येता येईल असं वाटत नाही तिथे पुढचं पाऊल टाकायचंच नाही.

आता धोडप. तिथल्या भिंतीची जात वेगळी आहे. आपला सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हे थर एकावर एक आडवे बसलेत, पण धोडपला लाव्हा उभ्या भेगेत घुसून थिजला. आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेला आणि ही टणक उभी पाटी तेवढी राहिली. म्हणून ती लांबून बांधल्यासारखी दिसते, आणि मध्ये ती चौकोनी खाच. (याच धोडपला १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला, वर गेलास की ते आठवून बघ, अंगावर काटा येतो.) खाचेपलीकडे जाता येत नाही, म्हणजे तिथे मागे फिरणं कंपल्सरीच आहे. म्हणून म्हटलं की तो सराव आधी कर. आणि वरचा सुळका दोराशिवाय करायचा विचारसुद्धा करू नका, कोणी कितीही सांगो की सोपा आहे.

डिसेंबरात पाऊस नसतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण तेव्हा वाळलेलं गवत असतं. कातळावर आडवं पडलेलं पिवळं गवत बुटाखाली अक्षरशः तेल लावल्यासारखं सरकतं, आणि त्याच्याखाली मुरूम असेल तर विचारूच नका. गवतावर पाय द्यायच्या आधी बुटाच्या टोकाने ते बाजूला करायचं, खाली काय आहे ते बघायचं, मगच वजन टाकायचं.

हाताचंही तसंच. माझा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी बागलाणात एका ग्रुपबरोबर गेलो होतो, लीडर आधी कधी तिथे आलेला नव्हता हे आम्हाला अर्ध्यात कळलं. एका सोंडेवर छातीएवढा कातळटप्पा होता. मी वरच्या दगडाची कड धरली, चांगली मूठभर कड होती, आणि अंग उचललं तर तो दगड कपाटाचा ड्रॉवर उघडावा तसा सरळ माझ्याकडे सरकत आला. खालचे दोन पाय आणि दुसरा हात पक्का होता म्हणून वाचलो. दगड खाली गेला त्याचा आवाज किती वेळ येत होता ते आजही कानात आहे. तेव्हापासून मी प्रत्येक होल्ड, म्हणजे धरायची दगडाची कड, आधी तळहाताने ठोकतो. पक्का दगड टणक लागतो, सुटा असेल तर आतून पोकळ, डबडब आवाज येतो. आणि धरलेला होल्ड खालच्या दिशेला दाबायचा, स्वतःकडे ओढायचा नाही. दोन हात दोन पाय यातले तीन कायम दगडावर, एका वेळी एकच हलवायचा. उतरताना उभा टप्पा असेल तर तोंड कातळाकडे करून उतर, मित्र हसले तरी.

आणि ग्रुपला स्पष्ट सांग की मी भिंतीच्या सुरुवातीपर्यंत येईन, पुढचं तिथे ठरवेन. हे ज्यांना चालत नसेल त्यांच्याबरोबर धारेवर जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : माझी मुलगी शिकायला इंग्लंडला आहे. सुट्टीत मैत्रिणींबरोबर वेल्समधल्या क्रिब गॉख नावाच्या डोंगरावर जायचं म्हणते. उंची ९२३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी कमी, तरी सगळीकडे धोकादायक लिहिलंय. जाऊ द्यावं का? – एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, नुसत्या उंचीच्या आकड्यावरून ठरवू नका. कळसूबाई १६४६ मीटर आहे पण तिथे शिड्या आहेत, रेलिंग आहे. क्रिब गॉखची धार सुरीच्या पात्यासारखी आहे, बरेच लोक वरची कड हाताने धरून पाय थोडे खालून टाकत जातात. तिकडे अशा वाटांना एक ते तीन ग्रेड देतात आणि ही एकमध्ये येते, म्हणजे सगळ्यात सोप्या गटात, पण तो ग्रेड कोरड्या दिवसाचा. ढग खाली आले, दगड ओला झाला, वारा सुटला की तीच वाट पूर्ण बदलते, आणि मधूनच खाली उतरायला सोपी जागा नाही. हिवाळ्यात बर्फ असताना तर ते गिर्यारोहणच झालं, तेव्हा नकोच.

मुलीला सरळ नाही म्हणू नका, तिला तीन गोष्टी विचारा. आधी अशी धार केलेलं कोणी सोबत आहे का, आदल्या दिवशी डोंगरावरच्या वाऱ्याचा अंदाज बघणार का, आणि हवा बिघडली तर दुसरं काय ठरवलंय. तिसऱ्याचं उत्तर तिथेच आहे, पेन-इ-पास या ठिकाणाहून शेजारच्या स्नोडन शिखरावर पिग ट्रॅक नावाची नीट पायवाट जाते. क्रिब गॉखची वाट याच पायवाटेवरून फुटते आणि चुकून तिकडे चढणारेही असतात, म्हणून फाट्यावर नकाशा बघायला सांगा. अडचण आली तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं, ते स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. आपल्याकडे ११२.

प्रश्न : सेफ्टीसाठी हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर घेऊन सगळ्यांनी कमरेला बांधला तर चालेल का? – पंचवटी

उत्तर : नाही. वरचा माणूस कुठेतरी पक्का अडकवलेला नसेल आणि बिले, म्हणजे दोराने दुसऱ्याला सांभाळून धरणं, कसा द्यायचा हे माहीत नसेल तर एकाचा पाय सटकला की बाकीचे त्याच्यामागे जातात. क्लाइंबिंगचा दोर झटका बसल्यावर ताणला जातो आणि झटका जिरवतो, बाजारातला दोर ते करत नाही, कमरेच्या गाठीवर लटकलेल्या माणसाला तर थोड्या वेळात श्वास घेणं मुश्कील होतं. ज्या टप्प्याला दोर लागेल असं वाटतंय तिथे शिकलेला माणूस, हार्नेस, हेल्मेट हे सगळं लागतं, नाशिकमध्ये गिर्यारोहण शिकवणाऱ्या जुन्या संस्था आहेत, आधी त्यांच्याकडे एक बेसिक कोर्स करा. दुकानातला दोर सॅक खाली सोडायला ठेवा, तेवढ्याला तो उत्तम आहे.