हायवे आणि खदान, दोन्हीकडे जाणाऱ्या ट्रकला टायर कोणते घ्यावेत?
मागे कॉम्प्रेसर जोडून हायवे आणि पुढे खडीची खदान, असं दुहेरी काम असेल तर पुढच्या चाकांना रिब (चाकाभोवती लांब सरळ खाचांची नक्षी), मागे मिक्स सर्व्हिसचा, म्हणजे डांबरी आणि कच्चा दोन्ही रस्त्यांसाठीचा, ब्लॉक पॅटर्न (सुट्या ठोकळ्यांची नक्षी). नुसता लग टायर (आडव्या, खोल खाचांचा) खदानीत झकास, पण डांबरीवर घोंघावतो, तापतो, लवकर झिजतो. हायवे जास्त असेल तर नायलॉनपेक्षा (तिरकस नायलॉन धाग्यांच्या थरांचा टायर) रेडियलच (आत स्टीलच्या तारांचा पट्टा असलेला) बरा. मात्र त्याची साइडवॉल नाजूक. धारदार दगडाने बाजू फाटली की टायर भंगारात. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) बघताना कॉम्प्रेसरचा हुकवर येणारा भारही मागच्या एक्सलवर धरा, हे बरेच जण विसरतात. हवा टायर थंड असतानाच तपासा. आणि खदानीतून निघताना जोडचाकांच्या फटीत अडकलेला दगड आधी काढा, नाहीतर तो वेगात सुटून मागच्या गाडीची काच फोडतो.