छंदाच्या ग्रुपमध्ये लोक अनोळखी माणसांसाठी इतका वेळ का देतात?

तुमचा प्रश्न असा आहे की बागकाम काय किंवा दुसरा कुठला छंद काय, तो आपला आपण घरी करता येतो, माहितीचे व्हिडिओही ढिगाने पडले आहेत, मग लोक ऑनलाइन ग्रुपमध्ये ओळखदेख नसलेल्यांच्या कुंड्यांवर रात्री अकरा वाजता चर्चा का करत बसतात? त्यांना त्यातून मिळतं काय?

मी नागपूरची, मानेवाडा भागात राहते. गच्चीवर बाग आहे आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांच्याच एका ग्रुपमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून बागेवरूनच सांगते.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. छंदातलं जे ज्ञान खरोखर कामी येतं, ते गावागणिक बदलतं. व्हिडिओत सांगतात, टोमॅटोला सहा तास कडक ऊन द्या. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठीसुद्धा वर हिरवी जाळी बांधावी लागते. त्या उन्हात टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. खत कमी पडलेलं नसतं. एवढ्या उष्णतेत परागकणच निकामी होतात, मग फळ धरणार कुठून? कुंडी थेट स्लॅबवर ठेवली की मुळं खालून भाजतात, म्हणून खाली विटा लावायच्या, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवायच्या, बाहेरच्या रांगेला ओलं बारदान गुंडाळायचं. व्हिडिओतल्या 'बागेतली माती' या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे बागेतली माती म्हणजे काळी कपाशीची माती. ती कुंडीत नुसती भरली तर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात दगड. तिच्यात रेती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत किती मिसळायचं हे ज्याने तीच माती हाताळली आहे तोच सांगू शकतो. तो माणूस हुडकेश्वरला किंवा बेसाला राहतो आणि त्याच्या गच्चीवरही तेच ऊन पडतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी ग्रुपवर जी धांदल उडते ती पाहिली असती, तर हा प्रश्न तुम्हाला पडलाच नसता.

पण नुसती माहितीच हवी असती तर माणसं उत्तर मिळाल्यावर निघून गेली असती. बरीच जातातही. जे थांबतात त्यांच्याबद्दल खरं सांगायचं आहे.

माझ्याकडे संत्र्याचं एक झाड आहे, 200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम अर्धा कापून त्यात लावलेलं. झाड हिरवंगार, पण फूल धरत नव्हतं. नागपुरात राहून संत्र्याबद्दल विचारायचं म्हणजे तसं पाहिलं तर सोपं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था अमरावती रोडवर आहे. पण तिथल्या शिफारशी सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेसाठी असतात. अर्ध्या ड्रममधल्या झाडासाठी शिफारस कोण लिहिणार? मी ग्रुपवर फोटो टाकला. काटोलकडचे एक शेतकरी ग्रुपमध्ये आहेत, स्वतःची संत्र्याची बाग आहे त्यांची. त्यांनी लिहिलं, "ताई, झाडाले लाडावून ठेवलं तुम्ही. थोडं ताणावर सोडा त्याले, मंग पाहा फुलते का नाही."

ताण म्हणजे ठरवून पाणी तोडणं. संत्र्याचा बहार त्यावरच धरतात. हिवाळ्याच्या तोंडी ताण देऊन जानेवारीत पाणी सोडलं की अंबिया बहार येतो, उन्हाळ्यात ताण दिला तर पावसाबरोबर मृग बहार. बागेत जमिनीप्रमाणे हा ताण महिना-दीड महिना किंवा त्याहून जास्तही चालतो. ड्रममध्ये तेवढा दिला तर झाडच जाईल, कारण माती मूठभर. म्हणून महाल भागातल्या एका काकांनी लगेच पुढे जोडलं की दिवस मोजू नका, पानं बघा, दुपारी मलूल होऊन संध्याकाळी परत ताठ झाली तर चालू द्या, सकाळीही मलूल दिसली की हलकं पाणी द्या. तिसऱ्याने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "खालून तो लांब काट्यांचा फुटवा आलाय, तो डोळा भरलेल्या जागेच्या खाली आहे का?" तो खालीच होता. डोळा भरतात म्हणजे जंबेरीच्या, एका काटेरी लिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बसवून कलम करतात; खालचं ते रोप म्हणजे खुंट. म्हणजे तो फुटवा संत्र्याचा नव्हताच, खुंटाचा, जंबेरीचा होता आणि अन्न सगळं तोच खात होता. तो काढला, डिसेंबरात ताण दिला, आणि जानेवारीच्या शेवटी झाड फुलांनी पांढरं झालं.

आता यात त्या तिघांना काय मिळालं ते बघा. जंबेरीचा फुटवा ओळखणं ही त्या माणसाची कित्येक वर्षांची कमाई आहे. पण त्याच्या घरात ती कोणाला दाखवणार? बायको म्हणणार, बरं, जेवायला चला. मुलगा पुण्याला. शेजाऱ्यांना संत्री खायला आवडतात, खुंट ओळखायला नाही. छंदी माणसाजवळ असं बारीक ज्ञान साठत जातं आणि त्याच्या आसपास त्याचा गिऱ्हाईकच नसतो. ग्रुपवर त्या दिवशी त्याची गरज पडली. माझ्या मते लोक थांबतात ते यासाठी. शिकायला आलेला माणूस ज्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याला बरोबर उत्तर देतो, त्या दिवसापासून तो ग्रुपचा होतो.

हे मी स्वतःवरून सांगते. मला विचाराल तर माझं आवडतं उत्तर दोडक्याचं आहे. दर पावसाळ्यात कोणीतरी लिहितंच की वेल भरून फुलं येतात पण दोडका धरत नाही, पिवळा पडून गळतो. मी विचारते, परागीकरण हाताने करता का, आणि किती वाजता? बहुतेक जण सकाळी करतात, कारण लाल भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं सकाळची असतात. दोडक्याचं फूल मात्र संध्याकाळी उमलतं. पाचनंतर गच्चीवर जायचं, लांब देठाचं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे वळवायच्या, आणि ज्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका दिसतो त्याच्या मधोमध हलकेच टेकवायचं. गच्चीवर भुंगे-पतंग कमी येतात म्हणून हे करावं लागतं. आठवड्याभरात त्याच माणसाचा फोटो येतो, हातभर दोडका आणि खाली "धन्यवाद काकू". माझ्या नोकरीत मी असं काही केलं आणि आठवड्यात त्याचं फळ दिसलं, असं फार वेळा झालेलं नाही.

लोक म्हणतात की एकटेपणामुळे माणसं अशा ग्रुपमध्ये जातात. थोडं खरं आहे. नागपुरात कितीतरी घरं अशी आहेत की मुलं पुण्या-बंगळुरूला, आणि मोठ्या घरात दोघंच, नाहीतर एकच. पण ज्या निवृत्त शिक्षिका आमच्याकडे रोज सकाळी व्हॉइस मेसेजवर किडींची उत्तरं देतात (टाइप करायला त्यांना जमत नाही), त्यांना तुम्ही करमणूक म्हणून चार गप्पा मारायला बोलावलंत तर त्या येणार नाहीत. लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसतंय, ते काय आहे, असं विचारा. त्या सांगतील की हात लावून बघा, ती फुलपाखराची अळी आहे, औषध मारू नका, उचलून बाजूला ठेवा. माणसाला सोबत हवी असते हे खरंच, पण ती कामाच्या निमित्ताने मिळाली तर जास्त टिकते.

भांडणंही होतात. युरिया टाकायचा की नाही यावर आमच्याकडे लोक ग्रुप सोडून गेले आहेत. ते चालायचंच. मला राग येतो तो जाणकार लोक नवख्याला "आधी वाचून या" म्हणतात तेव्हा. असं दोन-तीनदा झालं की प्रश्न येणं बंद होतं, आणि प्रश्न बंद झाले की उत्तरं देणारेही काम नाही म्हणून पांगतात.

तुम्हाला स्वतःला यायचं असेल तर कुठल्याही ग्रुपमध्ये या, फक्त "माझं झाड सुकतंय, उपाय सांगा" एवढंच लिहू नका. कुंडी केवढी आहे, ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत येतं, पाणी नळाचं देता की बोअरचं, हे लिहा. बोअरच्या क्षारांनी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि लोक ते खत कमी पडल्यामुळे झालं समजून आणखी खत घालतात. आणि पानाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, कारण कीड बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते.