वाचकांचे प्रश्न: नट होण्याआधीची गिटार

प्रश्न: जॉनी डेप सिनेमात येण्याआधी एका स्थानिक बँडमध्ये होता, हे खरं का? आणि मोठ्या कलाकाराच्या आधी वाजवायचं म्हणजे नेमकं काय?

उत्तर: खरं आहे. बाराव्या वर्षी आईने त्याला इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. फ्लोरिडातल्या ‘द किड्स’ या बँडमध्ये तो वाजवायचा. रॉक गायक इगी पॉपच्या कार्यक्रमाआधीही हा बँड वाजला. पुढे मंडळी लॉस एंजेलिसला गेली. तिथे पोटासाठी डेपने फोनवरून पेनं विकली. अभिनेता निकोलस केजने अभिनयाचं सुचवलं आणि १९८४ साली ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’मधून तो पडद्यावर आला.

आधी वाजवणाऱ्यांची खरी पंचाईत साउंडचेकमध्ये, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीत, होते. मुख्य कलाकाराचा साउंडचेक आधी, तोच लांबतो. त्याचे ड्रम्स बहुधा मंचावरच राहतात, म्हणून पाहुण्या बँडला पुढच्या अरुंद पट्टीत उभं राहावं लागतं. हाती उरतो फक्त लाइन चेक: प्रत्येक वाद्याचा आवाज मिक्सरपर्यंत (सगळे आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्रापर्यंत) पोहोचतो का, एवढंच. त्यामुळे पहिलं गाणं असं निवडावं की मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज नीट आला नाही तरी निभावेल.

गिटारच्या तारा ऐन कार्यक्रमाआधी बदलू नयेत. नवी तार ताणली जाऊन उतरत राहते, त्यात दिव्यांच्या उष्णतेने आणखी सैल पडते. आदल्या दिवशी तारा चढवा, प्रत्येक तार बोटांनी हलकेच उचलून ताणा, पुन्हा सुरात लावा. सूर हलेनासा होईपर्यंत तीन-चार वेळा हेच करा.