वाचकांचे प्रश्न : नव्याने बांधलेल्या जुन्या इंजिनातील ऑइल प्रेशर

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची १९७३ ची अँबेसिडर मार्क टू आहे. मागील उन्हाळ्यात उद्यमनगरमध्ये तिचे पेट्रोल इंजिन पूर्ण उघडून घेतले. बोअरिंग झाले, क्रँक २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज घासला, मेन आणि बिगेंडची मेटल्स, म्हणजे क्रँकची बेअरिंगे, नवीन घातली. त्याच वेळी ऑइल प्रेशरचे मेकॅनिकल मीटर बसवले. सकाळी थंड इंजिन सुरू केले की काटा ६० पौंडांवर (दर चौरस इंचाला) जातो. पन्हाळ्याचा घाट चढून वर थांबले की स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तो १२ वर येतो आणि ताशी ६० किलोमीटरला ४० दाखवतो. फिटर म्हणतात, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर (वॉशर) घालू. मित्र म्हणतात, जाड ऑइल घाला. इंजिनाचे काम बिघडले आहे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण तिन्ही आकडे कोणत्या स्थितीत घेतले हे लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे शक्य झाले. ऑइल किती गरम होते आणि इंजिन किती फेऱ्यांवर होते हे कळल्याशिवाय प्रेशरच्या नुसत्या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही. या १४८९ सी.सी. इंजिनासाठी गरम असताना चालत्या गाडीत सुमारे ५० पौंड आणि स्लोवर सुमारे १५ पौंड (म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन आणि एक किलो) हे प्रमाण धरले जाते. आपले आकडे त्याहून थोडे खाली आहेत. काम बिघडले असे त्यावरून म्हणता येणार नाही, मात्र काही गोष्टी तपासणे आवश्यक आहे.

ऑइल पंप प्रेशर तयार करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक पंप फक्त ऑइल पुढे ढकलतो. त्या ऑइलाला बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्याचे माप मीटरवर दिसते. नदीवरच्या मोटरीचे पाणी एकाच सरीला सोडले तर पाइपात जोर राहतो आणि चार व्हॉल्व्ह एकदम उघडले तर तो पडतो. मोटर मात्र तीच असते. इंजिनात हे व्हॉल्व्ह म्हणजे जर्नल (क्रँकचा मेटलमध्ये फिरणारा गोल भाग) आणि मेटल यांमधल्या फटी. क्रँकच्या जर्नलचा व्यास या इंजिनात सुमारे दोन इंच असतो आणि दर इंचामागे एक थाऊ या ढोबळ हिशेबाने फट दोन थाऊच्या आसपास असावी. ती तीन थाऊ झाली तर वाढ डोळ्यांना दिसणारही नाही; परंतु फटीतून निसटणारे ऑइल फटीच्या मापाच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणून दीडपट फटीतून तिपटीहून अधिक ऑइल निघून जाते. क्रँक घासणाऱ्याच्या हातातील एका थाऊला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच.

थंड ऑइल घट्ट असते, ते फटींतून सहज निसटत नाही, म्हणून सकाळी काटा वर जातो. तो फार वर जाऊ नये यासाठी रिलीफ व्हॉल्व्ह असतो. ठरावीक प्रेशरला स्प्रिंग दबते आणि जादा ऑइल पुन्हा चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) जाते. आता आपल्या फिटरांच्या सूचनेकडे पाहू. आपला काटा थंडीत ६० पर्यंत जातो, याचा अर्थ स्प्रिंग कमकुवत नाही, कारण तशी असती तर ६० कधीच दिसले नसते. मग गरम असताना ४० किंवा १२ पौंडांवर तो व्हॉल्व्ह बंदच असतो आणि बंद व्हॉल्व्हच्या मागे वायसर घालून काही साध्य होणार नाही. उलट थंडीतले प्रेशर आणखी वाढेल आणि त्याचा ताण फिल्टरच्या सीलवर व पंप फिरवणाऱ्या दात्यांवर येईल. वायसर घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाड ऑइलाबाबत माझे मत इतके कठोर नाही. सध्या १५ डब्ल्यू ४० जाडीचे ऑइल घालत असाल तर २० डब्ल्यू ५० घालून पाहावे. कोल्हापूरच्या हवामानात आणि या जुन्या इंजिनात ते चांगले चालते. त्याच्याही पुढे जाऊन घट्ट करणारी औषधे मात्र ओतू नयेत. त्यांनी काटा वर येतो, पण फट तेवढीच राहते.

प्रथम मीटरची खात्री करून घ्यावी. गॅरेजमधील चांगले टेस्ट मीटर त्याच जागी जोडून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे. मग इंजिन पूर्ण गरम असताना स्लोचे आरपीएम मोजावेत. अनेक अँबेसिडरचा स्लो गरजेपेक्षा खाली लावलेला असतो; ५०० वरून ७०० केला तरी काटा दोन-चार पौंड वर येतो आणि चिंतेचे कारणच उरत नाही. यानंतर डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढत असेल, तर फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुन्या रबराचे पडदे लवकर खराब होतात, म्हणून ही तपासणी आता अधिक गरजेची झाली आहे. पातळ झालेल्या ऑइलवर नवीन मेटल्स थोड्याच दिवसांत खराब होतात.

हे सर्व ठीक निघाले तर काम करणाऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, कॅमशाफ्टचे बुश बदलले का? क्रँकवर सर्वांचे लक्ष असते. कॅमचे बुश दाबून काढणे आणि नवे बसवून एका रेषेत रीमर मारणे कष्टाचे असल्याने ते काम पुष्कळदा तसेच राहते आणि मग नव्या मेटल्समधून वाचलेले ऑइल तिकडून निसटते. दुसरी, घासल्यानंतर प्रत्येक जर्नलची मापे लिहून ठेवली आहेत का? प्रत्येक जर्नल दोन दिशांनी आणि दोन्ही टोकांना मोजावा लागतो, तरच तो लंबगोल किंवा निमुळता राहिला नाही याची खात्री होते. उद्यमनगरमध्ये ऊस आणि शेतीच्या ऑइल इंजिनांवर तयार झालेले हात आहेत. असा कारागीर मापाचा कागद मागितल्याने नाराज होत नाही, हा माझा अनुभव आहे.

रॉकर शाफ्टचीही एक सोपी चाचणी आहे. गरम इंजिन स्लोवर ठेवून टॅपेट कव्हर काढावे. ऑइल थेंबाथेंबाने झिरपत असेल तर शाफ्ट ठीक आहे. ते वाहत असेल, तर शाफ्ट व बुश झिजलेले आहेत.

तोपर्यंत गाडी चालवण्यास हरकत नाही. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल व फिल्टर बदलले नसतील तर ते आधी बदलावेत आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात पाहाव्यात. बारीक करडी भुकटी नव्या इंजिनात दिसतेच. तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर मेटलचा वरचा थर गेला आहे असे समजून इंजिन उघडावे. वाघबीळ ते पन्हाळा हा आपला नेहमीचा चढ असेल तर वर पोहोचल्यावरचा आकडा दर वेळी वहीत लिहावा. १२ हा आकडा महिनोन् महिने १२ च राहिला तर इंजिन निरोगी आहे. तो हळूहळू ८ वर आला तर पुढची सहल रद्द करून चेंबर उतरवावे.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनीत मीटर नाही, फक्त लाल दिवा आहे. इंजिन नुकतेच बांधले आहे. गरम असताना सिग्नलवर दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. स्विच बदलला तरी फरक नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दिव्याचा स्विच अगदी थोड्या पौंडांवर चालतो, त्यामुळे दिवा लुकलुकतो तेव्हा प्रेशर खरोखरच तळाला आलेले असू शकते. स्विच काढून त्याच छिद्रात टेस्ट मीटर लावावे आणि मगच निर्णय घ्यावा. पुढे इलेक्ट्रिक मीटर बसवणार असाल तर सेंडरच्या (प्रेशर मोजून मीटरला कळवणाऱ्या भागाच्या) आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण त्या आट्यांतूनच त्याला अर्थिंग मिळते आणि टेपमुळे आकडा चुकतो. चालत्या गाडीत वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लागला तर ऑइल कमी आहे किंवा पंपाची ऑइल खेचणारी जाळी उघडी पडते आहे. दिवा पेटून तसाच राहिला तर घर एक किलोमीटरवर असले तरी इंजिन तेथेच बंद करावे.

प्रश्न : बांधलेले इंजिन जीपमध्ये बसवून दोन वर्षे झाली, पण ते सुरू केलेले नाही. थेट सेल मारावा का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : थेट सुरू करू नये. बांधताना लावलेले ऑइल एवढ्या काळात मेटलवरून उतरून गेलेले असते आणि पंपही कोरडा पडलेला असतो. ऑइल नवीन घालावे, फिल्टर शक्य तेवढा ऑइलने भरून बसवावा, सर्व स्पार्क प्लग काढावेत, इग्निशनची वायर सोडवावी आणि थांबत थांबत सेल मारावा. प्लग नसल्यामुळे बेअरिंगवर फारसा भार येत नाही. ऑइल प्रेशरचा काटा हलला नाही तर पंपाच्या बाहेरच्या बाजूचे बूच सोडून तेथून ऑइल ओतावे व पुन्हा सेल मारावा. काटा स्थिर वर आल्यावरच स्पार्क प्लग लावावेत.